वाचलेल्यांचे पुढचे आयुष्य

वर्तमानपत्रात एखाद्या मोठ्या अपघाताची किंवा घातपाताची बातमी येते, तेव्हा तिच्या शेवटी बहुधा एक लहानसे वाक्य असते : ‘तिघेजण सुदैवाने बचावले.’ ते वाक्य वाचून वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि पान उलटतो. मृतांची संख्या कळली, जखमींना रुग्णालयात हलविल्याचे समजले, गुन्हेगाराचे काय झाले तेही छापून आले. आता बातमी संपली, असे आपण धरून चालतो. परंतु त्या तिघांच्या दृष्टीने ती तेथे संपत नाही. किंबहुना तेथेच तिचा आरंभ होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ही माणसे उठतात, तेव्हा त्यांच्या वाट्याला काय येते? शेजारीपाजारी त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहतात? आणि बातमीतला तो ‘सुदैवाने’ हा शब्द त्यांना स्वतःला कसा लागत असेल?

या प्रश्नांना धरून एका जपानी दिग्दर्शकाने तीन तास सदतीस मिनिटांचा चित्रपट निर्माण केला. दिग्दर्शकाचे नाव शिंजी आओयामा आणि चित्रपटाचे नाव ‘युरेका’. इ. स. २००० च्या मे महिन्यात फ्रान्समधील कान येथील महोत्सवात तो प्रथम दाखविण्यात आला. तेथे आंतरराष्ट्रीय चित्रपट-समीक्षक संघटनेचा आणि विविध ख्रिस्ती पंथांच्या संयुक्त परीक्षक मंडळाचा, असे दोन पुरस्कार त्याला मिळाले. पुढे आओयामा यांनी हेच कथानक कादंबरीरूपाने लिहिले आणि त्या कादंबरीला २००१ साली मिशिमा युकिओ पुरस्कार लाभला. १९६४ साली जन्मलेला हा कलावंत २०२२ च्या मार्चमध्ये, वयाच्या अवघ्या सत्तावन्नाव्या वर्षी, निधन पावला. त्याच्या कृतींत ‘युरेका’चे स्थान निःसंशय अग्रभागी आहे.

चित्रपटाची भूमी आहे जपानच्या दक्षिणेकडील क्यूशू बेट. आओयामा स्वतः त्या बेटाच्या उत्तर टोकाला असलेल्या कीताक्यूशू या औद्योगिक शहरातले. चित्रपटातील पात्रे तोक्योची प्रमाण भाषा न बोलता तिकडची बोली बोलतात. राजधानीपासून दूरचा हा मुलूख, त्यातील छोटी गावे, शेते, बांधकामाची ठिकाणे आणि लांबच लांब रस्ते हे सारे कथेच्या हाडीमांसी मिसळले आहे.

कथानक थोडक्यात असे आहे. उन्हाळ्यातील एका सकाळी नेहमीची एक प्रवासी बस निघते. तिच्यातला एक मनुष्य पिस्तूल काढून बस ताब्यात घेतो. का, ते चित्रपट सांगत नाही. पोलिसांच्या गोळीने तो मनुष्य मरतो खरा, पण तोपर्यंत अनेक प्रवासी प्राणाला मुकलेले असतात. जिवंत राहतात ते तिघे : बसचा चालक माकोतो सावाइ आणि त्या बसमधून निघालेली दोन शाळकरी भावंडे, नाओकी व त्याची धाकटी बहीण कोझुए. एवढा भाग आरंभीच उरकतो. उरलेला दीर्घ चित्रपट हा त्या ‘नंतर’चा आहे.

माकोतो घरदार सोडून निघून जातो आणि दोन वर्षांनी परत येतो. तोवर त्याची पत्नी घर सोडून गेलेली असते. थोरल्या भावाच्या कुटुंबात तो आश्रितासारखा राहू लागतो आणि बसच्या चाकाला हात न लावता बांधकामावर मजुरी पत्करतो. इकडे त्या दोन मुलांचेही घर उद्ध्वस्त झालेले असते. आई निघून गेली, वडील मोटारीच्या अपघातात वारले. मोठ्या घरात ती दोघेच राहतात. शाळा सुटलेली आहे आणि बोलणेही बंद झालेले आहे. एकमेकांशी त्यांना शब्दांची गरज पडत नाही आणि इतरांशी बोलण्याची इच्छा उरलेली नाही.

या मुलांचे मौन समजून घ्यायचे तर जपानच्या त्या दशकाकडे थोडे वळून पाहिले पाहिजे. १९९५ हे वर्ष त्या देशाला फार जड गेले. १७ जानेवारीला कोबे शहर आणि परिसर भूकंपाने हादरला व सहा हजार चारशेंहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २० मार्चला, ओम् शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला. त्यात बारांहून अधिक माणसे मरण पावली आणि हजारोंना बाधा झाली. रोजच्या गाडीने कामावर निघालेला साधा मनुष्य, त्याचा कोणाशी वैर ना भांडण, आणि तरी त्याच्यावर असा घाला पडावा! आओयामा यांच्या मनात ‘युरेका’चे बीज पडले ते या वायुहल्ल्याच्या छायेत. कोबेच्या भूकंपानंतर ‘कोकोरो नो केआ’, म्हणजे मनाची शुश्रूषा, हा शब्दप्रयोग जपानी वृत्तपत्रांत सर्वतोमुखी झाला. मोडलेल्या हाडाप्रमाणे मोडलेल्या मनालाही उपचार लागतात, ही जाणीव तेथील समाजात त्या काळात पसरू लागली.

याहून विलक्षण गोष्ट पुढे घडली. चित्रपट तयार होऊन कानच्या महोत्सवात पोहोचण्याच्या बेतात असताना, ३ मे २००० रोजी, त्याच क्यूशू बेटावरील सागा शहरातून फुकुओकाकडे निघालेली एक बस सतरा वर्षांच्या मुलाने सुऱ्याच्या धाकाने ताब्यात घेतली. त्या प्रसंगी एक प्रवासी स्त्री ठार झाली. त्यामुळे पुढील वर्षी चित्रपट जपानात सर्वत्र प्रदर्शित झाला, तेव्हा प्रेक्षकांना तो कल्पित कथा म्हणून पाहणे अवघड गेले असल्यास नवल नाही.

वाचलेल्या माणसाच्या मनाचा शास्त्रीय अभ्यास मात्र याच्याही कितीतरी आधी, जपानच्याच भूमीवर झाला होता. रॉबर्ट जे लिफ्टन या अमेरिकन मनोवैज्ञानिकाने १९६२ साली हिरोशिमात राहून अणुबाँबमधून बचावलेल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. जपानीत या लोकांना ‘हिबाकुशा’ म्हणतात. लिफ्टन यांना त्यांच्यात दोन गोष्टी पुनःपुन्हा आढळल्या. पहिली म्हणजे मनाचे बधिरपण. भोवतालचे दुःख सहन होण्यापलीकडे गेले की मन आपली दारे लावून घेते. मग दुःख आत शिरत नाही, पण सुखही शिरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे जगल्याबद्दलचा अपराधीपणा. शेजारचा मेला आणि मी वाचलो, तो का? त्याच्या वाट्याचे आयुष्य मी चोरले काय? या प्रश्नाला तर्काने उत्तर देता येते, पण तर्काचे उत्तर मनाला पटत नाही.

‘युरेका’मधील तिघांकडे पाहिले की ही दोन्ही लक्षणे ओळखू येतात. मुलांनी मौनाचे दार लावून घेतले आहे. आणि माकोतो? तो तर बसचा चालक. प्रवाशांना सुखरूप पोहोचविणे हे त्याचे काम. ते काम त्या दिवशी त्याच्या हातून झाले नाही, आणि तो स्वतः मात्र घरी परतला. कोणी त्याला दोष दिलेला नाही, तरी तो आपल्या गावात शिक्षा भोगणाऱ्यासारखा वावरतो.

यात भर पडते ती लोकांच्या नजरेची. संकटात सापडलेल्याविषयी जगाला कळवळा वाटतो, हे खरे. पण त्या कळवळ्याची मुदत थोडी असते. ती संपली की त्याच माणसाविषयी लोकांच्या मनात एक प्रकारची भीती उत्पन्न होते. इतके भयंकर पाहिलेला मनुष्य आपल्यासारखा राहिला असेल काय, असा संशय येतो. माकोतोच्या ओळखीच्या एका स्त्रीचा खून होतो आणि पोलिसांचा संशय सरळ त्याच्यावर जातो. सख्ख्या भावाच्या घरातही चार शब्द कमी आणि चार कटाक्ष अधिक, अशी स्थिती होते. लोकापवाद हा रोग आपल्याकडेही अपरिचित नाही. म्हणून चित्रपटातील हा भाग समजण्यास जपानी भाषा यावी लागत नाही.

अखेर माकोतो भावाचे घर सोडतो आणि त्या दोन मुलांच्या घरी राहावयास जातो. चित्रपटाचा खरा विषय येथून पुढे उलगडू लागतो. तो तेथे जाऊन काय करतो, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. तो मुलांना ‘बोला’ म्हणत नाही. ‘झाले गेले विसरा’ असा उपदेश करीत नाही. त्या दिवसाचा विषयही काढीत नाही. तो घर झाडतो, अन्न शिजवितो, पाने मांडतो आणि त्यांच्यासोबत जेवतो. कित्येक प्रसंगी पडद्यावर याहून अधिक काही घडतच नाही.

आपल्या भाषेत ‘सांत्वन’ आणि ‘सोबत’ असे दोन निराळे शब्द आहेत. सांत्वन करणारा थोडा वेळ येतो, चार समजुतीच्या गोष्टी सांगतो आणि आपल्या घरी जातो. सोबत करणारा काही सांगेलच असे नाही, पण तो रात्री मुक्कामाला असतो. आपल्याकडे घरात मृत्यू झाला असता पहिले काही दिवस कोणी ना कोणी निजायला येते, त्यामागे हेच शहाणपण आहे. माकोतो त्या मुलांना जे देतो ते सांत्वन नसून सोबत आहे. आणि ती तो देऊ शकतो, याचे कारण त्या बसमध्ये तोही होता. त्याला काही समजावून सांगावे लागत नाही आणि मुलांना त्याला काही समजावून द्यावे लागत नाही.

लवकरच या घरात चौथा मनुष्य येतो. तो आकिहिको, मुलांचा चुलत भावंडांपैकी एक तरुण. तो बोलका, हसरा आणि मनाने वाईट नसलेला असा आहे. या त्रयीच्या शेजारी त्याला ठेवण्यात दिग्दर्शकाचा हेतू उघड आहे. आकिहिको म्हणजे बाहेरचे जग. त्याला या तिघांविषयी सहानुभूती आहे, कुतूहलही आहे, पण ते तिघे ज्या भाषेत एकमेकांशी वागतात ती भाषा त्याला येत नाही.

ती भाषा कोणती, हे एका साध्या क्लृप्तीने दाखविले आहे. पोलिसांनी संशयावरून अटकेत ठेवले असता माकोतोला कोठडीच्या भिंतीवर टकटक ऐकू येते. पलीकडच्या कोठडीत कोणीतरी आहे. त्याचे तोंड दिसत नाही, नाव ठाऊक नाही. माकोतो बोटांनी तशीच टकटक करून उत्तर देतो. पुढे प्रवासात एका रात्री तो झोपण्याच्या जागेच्या भिंतीवर तशीच टकटक करतो. क्षणभर शांतता, आणि मग अंधारातून मुलांकडून उत्तर येते. त्या टकटकीला अर्थ असा काहीच नाही. ‘मी येथे आहे, तू आहेस ना?’ एवढेच तिच्यात आहे. परंतु ज्यांनी दारे लावून घेतली आहेत त्यांना दार उघडण्याचा आग्रह न करता, बाहेर कोणी उभे असल्याचे कळविणे, ही लहान गोष्ट नव्हे.

प्रवासाचा उल्लेख वर आला. माकोतो एक जुनी बस विकत घेतो, तिच्यात निजण्याबसण्याची सोय करतो आणि मुलांना व आकिहिकोला घेऊन निघतो. ज्या वाहनाने त्यांचे आयुष्य मोडले, त्याच जातीचे वाहन त्याने निवडावे, हे प्रथम चमत्कारिक वाटते. पण त्यात विचार आहे. आणि बस पहिल्यांदा जाते ती हत्याकांड घडले त्याच जागी. दुखऱ्या जागेला वळसा घालून गेल्याने दुखणे जात नाही. मात्र त्या जागी पुन्हा जायचे असेल तर एकट्याने जाऊ नये, सोबतीने जावे, असे त्याचे सांगणे दिसते. अर्थात तो ते तोंडाने सांगत नाही, बसच्या चाकाने सांगतो.

येथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल की ही जखमी माणसे एकत्र आली, एकमेकांना सावरू लागली आणि सुखान्त झाला. तसे होत नाही, आणि चित्रपटाचे सत्त्व याच ठिकाणी आहे. मार्गावरही स्त्रियांचे खून होत राहतात. हळूहळू माकोतोच्या ध्यानात येते की खुनी दुसरा कोणी नसून त्याच्याच बसमधला मुका मुलगा नाओकी आहे. बसमध्ये पाहिलेली हिंसा त्या मुलाच्या अंतःकरणात रुतली आणि त्याच्या हातून बाहेर पडली. सोबत, अन्न, माया, प्रवास या कशानेही ती थांबली नाही.

आता माकोतोने काय करावे? मायेपोटी झाकून ठेवावे? की किळस येऊन मुलाला टाकून द्यावे? तो दोन्ही करीत नाही. तो मुलाला स्वतः पोलिसांच्या स्वाधीन करतो. पण त्यापूर्वी त्याच्याशी जे बोलतो, ते साऱ्या चित्रपटाचे सार आहे. त्याचा आशय असा की, तू जग, अशी आज्ञा मी तुला करणार नाही, पण तू मरू नयेस, एवढी माझी विनवणी आहे. जगण्याला अर्थ आहे, असे छातीठोकपणे सांगण्याचा अधिकार माकोतोला स्वतःला वाटत नाही. तरीही त्या मुलाचे नसणे त्याला नको आहे. गुन्ह्याची शिक्षा टळू द्यायची नाही आणि गुन्हेगाराचा हातही सोडायचा नाही, ही दोन कर्तव्ये एकाच वेळी पाळणे किती अवघड आहे, ते येथे कळते.

आणि लगेच त्याची दुसरी बाजू दिसते. नाओकी गेल्यावर आकिहिको व्यवहारी सुरात बोलून जातो की, मुलाच्या दृष्टीने तुरुंगात असणे हेच बरे. जगात असे बोलणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचे म्हणणे हिशेबाला चुकीचेही नसते. पण आजवर शांत असलेला माकोतो त्या वाक्यासरशी बस थांबवितो, त्याच्यावर हात उगारतो आणि त्याला रस्त्यावर उतरवून देतो. हे कृत्य योग्य की अयोग्य, याचा निकाल दिग्दर्शक देत नाही. इतके मात्र दिसते की सोबतीला असलेला मनुष्य दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब मांडू लागला की ती सोबत संपते.

चित्रपटाच्या बाह्यरूपाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. हा चित्रपट ना पूर्ण कृष्णधवल, ना रंगीत. कृष्णधवल फिल्मवर चित्रण करून तिच्या प्रती रंगीत फिल्मवर काढल्या. त्यामुळे सारे दृश्य जुन्या छायाचित्रासारख्या पिंगट छटेचे झाले आहे. जणू या माणसांचे आयुष्य त्या दिवशीच थांबले आणि तेव्हापासून ती एका जुन्या फोटोत राहत आहेत. छायाचित्रण मासाकी तामुरा यांचे. नारिता विमानतळाविरुद्ध लढणाऱ्या शेतकऱ्यांवर शिनसुके ओगावा यांनी जे अनुबोधपट काढले, त्यांच्या छायाचित्रणात तामुरा यांचा मोठा वाटा होता. माणसाच्या चेहऱ्याकडे घाई न करता पाहत राहण्याची ती सवय येथेही दिसते. माकोतोची भूमिका कोजी याकुशो यांनी केली आहे. पुढे २०२३ साली ‘परफेक्ट डेज’मधील कामासाठी कान येथे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळविणारे ते हेच. दोन भावंडांच्या भूमिका आओई मियाझाकी आणि मासारु मियाझाकी यांनी केल्या असून ती दोघे प्रत्यक्षातही भावंडेच आहेत.

साडेतीन तासांहून अधिक लांबीबद्दल अनेकांची तक्रार असू शकेल. परंतु ही लांबी विषयातूनच आलेली आहे. मन दुरुस्त होण्यास जो काळ लागतो, त्याची चुणूक तरी प्रेक्षकाला मिळावी, असे दिग्दर्शकाला वाटले असावे. ज्याला पाऊण तासात रडवून हसविणारी कथा हवी, त्याने या वाटेला जाऊ नये. लहान मुलांना दाखविण्याजोगाही हा चित्रपट नव्हे.

शेवटी बसमध्ये दोघेच उरतात : खोकल्याने जर्जर झालेला माकोतो आणि कोझुए. ती समुद्रावर जाते, शिंपले वेचते. मग ती दोघे आसो या ज्वालामुखीच्या प्रदेशातील एका उंच कड्यावर येतात. तेथे ती मुलगी एकेक शिंपला हातात घेते, एकेका माणसाला मोठ्याने हाक मारते आणि तो शिंपला दूर फेकते. वडील, आई, भाऊ, आकिहिको, माकोतो अशी ती नावे. आणि त्यांत बसवर हल्ला करणाऱ्या त्या खुन्यालाही जागा आहे. अखेरीस ती स्वतःचेच नाव पुकारते. वर्षानुवर्षे मिटलेले तोंड उघडते, ते तक्रारीसाठी किंवा शोकासाठी नाही. सर्वांची नावे घेण्यासाठी उघडते. माकोतो तिला एवढेच म्हणतो की, चल, घरी जाऊ. आणि त्या क्षणी पडद्यावर, इतक्या वेळाने प्रथमच, रंग उमटतात. डोंगर हिरवा होतो.

‘युरेका’ हा शब्द ग्रीक. ‘मला सापडले’ असा त्याचा अर्थ. आर्किमिडीज स्नानाच्या टाकीतून उठून तो ओरडत धावला, अशी आख्यायिका शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. या तिघांना काय सापडले? गेलेली माणसे सापडली नाहीत. नाओकीचे बालपण सापडले नाही. त्या खुनी मनुष्याने तसे का केले, त्याचे उत्तरही सापडले नाही. एका मुलीला स्वतःचा आवाज तेवढा सापडला आणि एका चालकाला पोहोचविण्यासाठी एक तरी प्रवासी मिळाला. त्या दिवशी अर्धवट राहिलेली त्याची फेरी अशा रीतीने पुरी होते.

हिशेब मांडणाऱ्याला हा लाभ फारच तोकडा वाटेल. पण बातमीच्या शेवटच्या ओळीत ज्यांची फक्त संख्या छापून येते, त्यांच्यासाठी जगाने काय करावे, याची शिकवण त्यात आहे. त्यांना धीराची मोठमोठी वाक्ये नको असतात, आणि ‘सुदैवाने वाचलात’ हे ऐकणे तर मुळीच नको असते. त्यांच्या घरी अन्न शिजावे, दिवा लागावा, रात्री कोणीतरी जवळ असावे आणि अंधारात टकटक झाली तर तिला उत्तर मिळावे, इतके पुरे. ते उत्तर कधी वर्षांनी येते आणि कधी येतही नाही. तरी टकटक करीत राहावे लागते.